फिल्डवर्कला नुसतं रजिस्टर भरतोय, प्लेसमेंट बदलून घेऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, पहिल्या वर्षाला, मराठवाड्यातून मुंबईत आलेला, गोवंडीतल्या एका संस्थेत फिल्डवर्क लागलंय. आठवड्यातून दोन दिवस जातो, दोन महिने झाले, पण बालवाडीचं रजिस्टर भरणं, रॅलीत बॅनर धरणं आणि कार्यक्रमाला खुर्च्या मांडणं यापलीकडे काहीच मिळालेलं नाही. एजन्सी सुपरवायझर, म्हणजे संस्थेतल्या मार्गदर्शक, भेटत नाहीत, भेटले तर "बघ, शिक" म्हणून पुढे जातात, रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फिल्डवर्कच्या दिवसाच्या लेखी नोंदीत, लिहायला काही नसतं, मग प्लेसमेंट बदलून मागू का असं विचारलंय.

मी आधी वस्तीत काम केलं, मग हॉस्पिटलच्या सोशल वर्क विभागात, आणि बरीच वर्षं कॉलेजची मुलं माझ्याकडे फिल्डवर्कला येतात, त्यामुळे ही तक्रार मला नवीन नाही आणि ती खोटीही नाही. तरी सरळ सांगते, आत्ता बदलू नकोस. नवीन ठिकाणी गेलास की परत ओळखपाळख, परत ओरिएंटेशन, तेवढ्यात दिवाळी. हिशोब करून बघ ना, आठवड्याचे दोन दिवस म्हणजे साधारण १५ तास, जुलै ते मार्च धर, त्यातून गणपती, दिवाळी, परीक्षा, रुरल कॅम्प वजा कर, हातात ५० च्या आसपास दिवस उरतात. त्यातले पंधरा-सोळा गेले. उरलेल्या दिवसांत पन्नास गोष्टी होणार नाहीत, पण एक गोष्ट शेवटपर्यंत नेता येते, आणि माझ्या मते सगळं फिल्डवर्क त्या एका गोष्टीत आहे. आपल्याकडे त्याला पाठपुरावा म्हणतात. क्लासमध्ये केसवर्क (एका माणसाबरोबरचं काम), ग्रुपवर्क (गटाबरोबरचं), सीओ (वस्तीचं संघटन) असे वेगवेगळे पेपर असतात, वस्तीत मात्र लोक एवढंच बघतात की हा पोरगा परत आला का.

अपवाद एकच. संस्थेतलं कोणी त्रास देत असेल, अंगाला हात लावणं, रात्री उशिरा मेसेज, एकटं थांबायला सांगणं असलं काही, तर वर्ष वाया जाईल, मार्क जातील हा विचार करायचा नाही, त्याच दिवशी फॅकल्टीला, म्हणजे कॉलेजच्या शिक्षकांना, सांगायचं आणि कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे लेखी द्यायचं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकही धरलेत, "तू इथली स्टाफ नाहीस" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. मुलांनीही सांगावं, मुलींनीही. अशा वेळी प्लेसमेंट बदलून मिळते आणि मिळायलाच पाहिजे.

आता रजिस्टरचं बोलू. तू म्हणतोस नुसतं रजिस्टर भरतो. मी विचारते, ते वाचलंस का कधी? येत्या गुरुवारी गेलास की मागचे तीन महिने काढून बस. हजेरीच्या पानावर एखादी ओळ सापडेल, मुलगी २० तारखेपर्यंत रोज हजर, त्यानंतर गै, गै, गै, महिना संपला, पुढच्या महिन्याच्या पानावर नावच नाही. कुठे गेली ती? गावाला गेली, आजारी आहे, धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसवली, का भाडं थकलं म्हणून घर सोडलं? बालवाडीच्या जवळ अंगणवाडी असेल तर सेविकेला विचारून वजनाची नोंद बघ. एखाद्या पोराचं वजन तीन महिने ९.२, ९.२, ९.१ असं दिसेल. पाच वर्षांखालच्या, म्हणजे ६ महिन्यांपासून ५९ महिन्यांपर्यंतच्या मुलांच्या दंडाला जी पट्टी लावतात तिच्यावर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल असतं, साडेअकरा ते साडेबारा पिवळं, त्याच्या वर हिरवं. लाल म्हणजे त्याच आठवड्यात डॉक्टर, त्यात थांबायचं नाही. तर ही कंटाळवाणी वही म्हणजे वस्तीची अख्खी हकीकत आहे, फक्त ती कोणी सलग वाचत नाही, कारण जी ताई भरते तिला वेळ नाही आणि जो रिपोर्ट मागतो त्याला बेरीज हवी असते.

त्यातलं एक नाव निवड. एकच. आणि बालवाडीच्या ताईंना विचार, ही कुठे राहते?

तुझी खरी सुपरवायझर कोण असेल तर त्या ताई आहेत, हे मी अगदी मनापासून सांगतेय. बहुतेक वेळा त्या त्याच वस्तीतल्या असतात, बारावी झालेल्या नाहीतर तेवढ्याही नाही, मानधन तुटपुंजं, पण कोणत्या घरात नवरा पितो, कोणाची सासू आली की सून बोलत नाही, कोणत्या गल्लीत सकाळी जायचं आणि कोणत्या गल्लीत दुपारी, हे त्यांना तोंडपाठ असतं. शिवाजीनगर-बैंगनवाडीकडचे पत्ते रोड नंबर आणि प्लॉट नंबरवर चालतात कारण ती वसाहत ७० च्या दशकात शहरातल्या दुसऱ्या झोपड्या उठवून आखून वसवली, शेजारी देवनारचं डंपिंग ग्राउंड, ते तर १९२७ पासूनचं. कागदावर सगळं चौकोनी दिसतं, पण एका प्लॉटवर खाली एक कुटुंब, शिडीने वर दुसरं, पोटमाळ्यावर भाड्याने तिसरं. नंबर बरोबर असून माणूस सापडत नाही. ताई बरोबर असली की सापडतो.

पहिल्या होम व्हिजिटला काही साध्या गोष्टी पाळ. पाणी यायच्या वेळेला जाऊ नको, त्या वेळी कोणतीही बाई तुझ्याशी बोलणार नाही आणि बोलली तर तिचं नुकसान. चप्पल बाहेर. आत ये म्हटल्याशिवाय आत नाही, दहा बाय पंधराच्या खोलीत दार हाच दिवाणखाना असतो, तिथे उभं राहून बोललं तरी चालतं. वही काढू नको. वही दिसली की लोकांना वाटतं सर्वे आला, मग सर्वेची उत्तरं मिळतात. चहा दिला तर घे. तू मराठवाड्यातला आहेस ते इथे उपयोगी पडेल, मानखुर्द-गोवंडीत जालना, बीड, उस्मानाबादकडची (आताचं धाराशिव), ७२ च्या दुष्काळात आणि नंतर आलेली खूप घरं आहेत, गावाचं नाव काढलं की बोलणं सुरू होतं. पण तेवढीच घरं धरून बसू नको. पुढच्या गल्लीत उत्तर प्रदेश-बिहारकडचे मुसलमान लोक असतील, जरीकाम, शिलाई, भंगार यावर पोट, तिथे तुझी हिंदी मोडकी असली तरी चालेल, तिथे तू दादा नाही, भैया किंवा सर. दरवर्षी माझ्याकडची दोन-तीन मुलं घाबरत-घाबरत त्या गल्लीत जातात, घरून फोन आलेला असतो की तिकडे जाऊ नको म्हणून, आणि दोन महिन्यांनी ईदला तीच मुलं कोणाच्या घरी जेवून आलेली असतात. हे बदलणं क्लासरूममध्ये होत नाही, म्हणून तर दोन दिवस बाहेर पाठवतात.

आपल्याकडचं समाजकार्याचं शिक्षणच असं वस्तीतून सुरू झालंय. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाची देशातली पहिली समाजकार्याची शाळा निघाली, आजची टाटा इन्स्टिट्यूट, ती देवनारच्या हिरव्या कॅम्पसमध्ये नाही, नागपाड्यात निघाली, नागपाडा नेबरहूड हाउसमध्ये, क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकी मिशनरी तिचे पहिले संचालक. आजूबाजूला गिरणी कामगार, चाळी, दारिद्र्य, वर्गातून खाली उतरलं की फिल्ड. देवनारला जागा मिळाली ती १९५४ ला. पुढच्याच वर्षी मुंबईतच निर्मला निकेतन हे समाजकार्याचं कॉलेज, १९६३ ला पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. सगळीकडे फिल्डवर्क अभ्यासक्रमाच्या मधोमध. आणि या शिक्षणाशी जोडलेल्या कामातून मोठ्या गोष्टीही उभ्या राहिल्या, पोलिसांच्या जागेत बसून हिंसेला तोंड देणाऱ्या बायकांचं ऐकणारा स्पेशल सेल १९८४ ला मुंबईत सुरू झाला, १०९८ हा मुलांचा फोन नंबर १९९६ ला टाटा इन्स्टिट्यूटचा प्रकल्प म्हणून सुरू झाला. त्या काळात रस्त्यावरची मुलं रात्री-अपरात्री ओळखीच्या ताईला फोन करायची, त्यातून तो नंबर आला. म्हणजे त्याच्या मुळाशी पण हेच, कोणीतरी परत फोन उचलला.

एक केस जवळून सांगते म्हणजे कळेल. माझ्याकडे एक मुलगी होती, पहिलंच वर्ष, तुझ्यासारखीच वैतागलेली. बालवाडीत एक छोटी यायची, तिला सोडायला नऊ वर्षांचा भाऊ. ही रोज बघायची आणि एक दिवस तिच्या डोक्यात आलं, हा सकाळी साडेदहाला इथे काय करतोय, शाळेत का नाही? एवढाच प्रश्न. घरी गेली. आई म्हणाली गावाहून आलो तेव्हा दाखला आणला नाही, जन्माचा कागद नाही, शाळेत गेलो तर परत पाठवलं, मग राहूनच गेलं. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्वच्छ लिहिलंय की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं. मुलीने ते वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही असणार. तिला वाटलं गेलं की काम झालं.

पहिल्या गुरुवारी गेली तर मुख्याध्यापक ट्रेनिंगला. दुसऱ्या गुरुवारी आई आलीच नाही, कारण त्या दिवशी काम सोडलं तर दिवसाची मजुरी गेली, हे हिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिसऱ्या वेळेस आईला विचारून वार ठरवला, शनिवारी सकाळी, दोघी गेल्या, क्लार्क म्हणाला आधार आणा. मुलीने वाद घातला, आवाज चढला, क्लार्कचाही चढला, परत. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये तिने एक ओळ लिहिली, "आज काम झाले नाही." मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, सगळं सांग, क्लार्कच्या टेबलावर काय होतं, आई कुठे उभी होती, मुलगा काय करत होता. मग हळूहळू बाहेर आलं. आई दाराबाहेरच उभी राहिली होती, आत आलीच नाही. मुलगा भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता वाचत होता, बोट लावून, ग पर्यंत. क्लार्क त्याला एकदा बघून म्हणाला होता, येतं की याला. ती म्हणे, हे मी विसरलेच होते.

चौथ्या वेळेस ती क्लार्कशी भांडली नाही. कायद्यातल्या कलमाचं नाव घालून साधा अर्ज लिहिला होता मराठीत, खाली आईचा अंगठा, दोन प्रती. आईला पुढे केलं, स्वतः मागे उभी राहिली, आणि म्हणाली, सर यावर पोच द्या फक्त. पोच मागितली की माणूस अर्ज वाचतो, हे ऑफिस कुठलंही असू दे. क्लार्कने अर्ज आत नेला, मुख्याध्यापक बाई बाहेर आल्या, मुलाला वाचायला लावलं, तिसरीत घेतला. त्यानंतरही संपलं नाही, कारण पंधरा दिवसांनी हा पोरगा परत बालवाडीच्या दारात. वर्गात सगळ्यात मोठा, मुलं चिडवतात. मग वर्गशिक्षिकेची भेट, मग संध्याकाळी अभ्यासाला बसवणं, डिसेंबरपर्यंत चाललं ते. प्रवेश घेऊन दिला म्हणून ती तिथे थांबली असती तर रिपोर्टात एक आकडा वाढला असता आणि मुलगा घरीच राहिला असता.

त्यावरून रेकॉर्डिंगचं. लिहायला काही नसतं असं तू म्हणतोस, मला वाटतं तुला जे घडतं ते लिहिण्यासारखं वाटत नाही. "वस्तीला भेट दिली, महिलांशी संवाद साधला, रॅपो प्रस्थापित केला" असलं मी हजारो पानं वाचलंय, त्यातून काही कळत नाही. कोण काय म्हणालं ते त्यांच्या शब्दांत लिही, तुला काय वाटलं ते वेगळं लिही, आणि पुढच्या वेळेला काय करणार ते तारखेसकट लिही. राग आला तर राग आला म्हणून लिही. भीती वाटली, वास सहन झाला नाही, बाई खोटं बोलतेय असं वाटलं, सगळं लिही, आयसीमध्ये, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेत, बोलायला तेच तर लागतं. त्याच रात्री लिही, दुसऱ्या दिवशी तो बाराखडीचा तक्ता डोक्यातून गेलेला असतो. नावं मात्र बदल. कॉलेजच्या ग्रुपवर, स्टेटसला, कुठेही वस्तीतल्या मुलांचे फोटो टाकू नको, त्यांनी हसून पोज दिली तरी. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करणं तर कायद्यानेच बंद आहे.

कागदांबद्दल थोडं जास्त सांगते कारण मुंबईत गरीब माणसाचं अर्धं आयुष्य कागदात जातं आणि विद्यार्थी खरा उपयोगी पडतो तो इथे. रेशनकार्डात बाईचं नाव चढवायचं तर गावाकडच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला लागतो, तो दाखला गावच्या तहसीलला, तिकडे जायला दोन दिवस आणि गाडीभाडं, म्हणून दहा-दहा वर्षं नाव चढत नाही. आणि मग कोणी आजारी पडलं की त्याच कार्डावाचून अडतं, कारण हॉस्पिटलला महात्मा फुले योजनेच्या, म्हणजे सरकारी मोफत उपचारांच्या, काउंटरवर पहिल्यांदा कार्डच मागतात. मी सोशल वर्क विभागात असताना रोज हे बघायचे, नातेवाईक हातात इस्टिमेटचा कागद घेऊन ट्रस्टांच्या ऑफिसांची यादी विचारत उभे, आणि मूळ गोष्ट तीन वर्षांपूर्वी वस्तीत अडकलेली. खाजगी धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे किती जणांना माहीत असतं? तुला माहीत पाहिजे. तुझ्या फिल्डपासून रेशनिंग ऑफिस किती लांब, ते किती वाजता उघडतं, कोणत्या खिडकीला कोणता फॉर्म, वॉर्ड ऑफिसमध्ये जन्मनोंद कोणत्या मजल्यावर, महापालिकेचा दवाखाना, पोलीस स्टेशन, बाल कल्याण समिती, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, हे सगळं स्वतः चालत जाऊन बघून एका वहीत लिहून ठेव. कोणी सांगितलं म्हणून लिहू नको, जाऊन बघून लिही. ही वही तुझ्या संस्थेकडे पण नसेल.

आणि केस निवडताना तुझ्या वेळेत बसणारी निवड. हे कोणी शिकवत नाही पण महत्त्वाचं आहे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला औषध सुरू झालेला पेशंट मार्च संपेपर्यंत तुझ्याबरोबर पूर्ण होऊ शकतो. दुसऱ्या महिन्यात बरं वाटायला लागलं की लोक गोळ्या सोडतात, तिथे दर आठवड्याला दार वाजवणारं माणूस लागतं, पोषणासाठी महिन्याला मिळणारे पैसे खात्यात आले का तेही बघावं लागतं, हे पैसे आधी ५०० होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० झाले. हे काम तुला जमेल. घरच्या हिंसेची केस, जमिनीचा वाद, पुनर्वसनाच्या घरासाठी झोपडीच्या पात्रतेचं प्रकरण हे तुझ्या एका वर्षात बसत नाही, तिथे तू संस्थेच्या कार्यकर्तीबरोबर जा, बघ, फाईल धर, पण एकट्याने खांद्यावर घेऊ नको. घर मिळवून देतो, नवऱ्याला समजावतो असा शब्द तर कधीच द्यायचा नाही. पैसेही द्यायचे नाहीत, उसने पण नाही, कितीही आतून वाटलं तरी. आज तू २०० दिलेस तर उद्यापासून तुझी गल्लीतली जागाच बदलते.

एका बाबतीत थांबायचं नाही हे नीट लक्षात ठेव. एखाद्या मुलाने किंवा मुलीने तुला सांगितलं की कोणी तिच्याशी वाईट वागतंय, अंगाला हात लावतंय, तर "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नको. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे कळलं की कळवावं लागतं, न कळवणं हाच गुन्हा आहे. जास्त खोदून विचारू नको, परत परत सांगायला लावू नको, तू सांगितलंस ते बरं केलंस एवढं म्हण, आणि त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, सुपरवायझरला गाठ. त्या मीटिंगमध्ये असतील तर मीटिंगमध्ये जा. संस्था म्हणाली बघू नंतर, तर फॅकल्टीला फोन कर, आणि १०९८ आहेच. गोपनीयता आपण पहिल्या महिन्यात शिकतो, तिची हद्द कुठे संपते हे फिल्डवर कळतं, म्हणून आधीच सांगून ठेवतेय.

सुपरवायझरबद्दल आता. त्यांना वेळ नाही हे खरं आहे, आणि त्यामागे काय आहे तेही बघ. एका कार्यकर्त्याकडे तीन-चार वस्त्या, प्रोजेक्ट वर्षाच्या फंडिंगवर, २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला घालावे लागतात, ते पैसे २०१४ पासून यायला लागले आणि त्याबरोबर महिन्याचे रिपोर्ट, फोटो, किती लाभार्थी, किती सत्रं. रॅलीत तू बॅनर धरतोस तो त्या रिपोर्टासाठी. मला हे अजिबात आवडत नाही आणि मी माझ्या ठिकाणी विद्यार्थ्यांना फोटोसाठी उभं करू देत नाही. पण एजन्सीवर रागावून बसण्यापेक्षा आठवड्याचा अर्धा तास ठरवून माग. "मॅडम वेळ द्या" म्हणू नको, त्याने कोणाला वेळ मिळत नाही. कागदावर तीन ओळी घेऊन जा, या मुलीच्या घरी गेलो, हे कळलं, पुढच्या गुरुवारी हे करू का? ठोस प्रश्न घेऊन आलेल्या मुलाला मी जिना चढता-चढता पण उत्तर दिलंय. तरी नाहीच झालं तर फॅकल्टी सुपरवायझरला एजन्सी व्हिजिटला बोलव, तिघं एकत्र बसा, ते त्यांचं काम आहे, उपकार नाहीत. आणि संस्थांना माझं एक म्हणणं आहे, विद्यार्थी घेताय तर निदान रेल्वे-रिक्षाचा खर्च द्या. गावाकडून आलेली, स्कॉलरशिप सहा-सहा महिने अडकलेली मुलं स्वतःच्या पैशाने तुमची वस्ती फिरतायत.

हल्ली इतर कॉलेजची मुलं पण येतात, नवीन शैक्षणिक धोरणातल्या फील्ड प्रोजेक्टसाठी, एनएसएसच्या तासांसाठी, कोणाचा महिना कोणाचे पंधरा दिवस. त्यांना मी समुपदेशन, मुलांचे खेळ वगैरे देत नाही. पंधरा दिवसांत पोरांना लळा लावून निघून जाणं बरं नाही. त्यांना मी ऑफिसांची ती वही अद्ययावत करायला देते, फॉर्म भरायला बसवते, आणि ती मुलं खरंच मन लावून करतात.

शेवटची गोष्ट जाण्याची, ज्याला आपल्या भाषेत टर्मिनेशन म्हणतात. तू मार्चमध्ये जाणार आहेस हे आत्ताच सांगायला लाग, ऑक्टोबरमध्ये, त्या घराला. "मी मार्चपर्यंत आहे, पुढे दुसरं कोणी येईल." फेब्रुवारीत परत सांग. जाताना केस कोणाच्या हातात दिली ते नाव त्या माणसाला सांगून जा, आणि संस्थेकडे एक पान लिहून ठेव, काय झालं, काय राहिलं, कोणता कागद कोणाकडे आहे.

हे मी इतकं आग्रहाने सांगतेय त्याला कारण आहे. बरीच वर्षं झाली, माझ्याकडची एक विद्यार्थिनी एका बाईच्या रेशनकार्डाचं काम बघत होती. हुशार मुलगी, काम चांगलं चाललेलं, गावाहून दाखला पण मागवून घेतला होता. मार्चमध्ये परीक्षा आली, ती गेली, कोणाला सांगून गेली नाही, आणि मी पण विचारलं नाही, ती चूक माझी. जूनमध्ये दुसऱ्याच कामासाठी मी त्या गल्लीत गेले तर ती बाई दारातून उठून आली, "मॅडम, वो दीदी बीमार है क्या?" तीन महिने ती दर गुरुवारी कामाला उशिरा जात होती, दीदी येईल म्हणून. मला काही बोलता आलं नाही. जुलैत नवीन मुलं आली तेव्हा त्यातल्या एकीला घेऊन मी स्वतः तिच्या घरी गेले. तिने मोरीवरच्या खिळ्याला टांगलेली कॅरीबॅग काढली, आतून दुसरी पिशवी, त्यात दाखला, फोटो, झेरॉक्स, अर्जाची पोच, सगळं घडी करून ठेवलेलं, आणि त्या नवीन पोरीसमोर एकेक कागद चटईवर मांडत म्हणाली, "देखो, इतना हो गया है, अब यहाँ से तुम करो."